जाळता न येणारी मारबत

तैलचित्राला वजन असते, मूर्तीला तर असतेच. मोबाइलच्या पडद्यावरच्या चित्राबद्दल मात्र आपण असा विचार कधी करत नाही. ते बोटाने सरकते, क्षणात नागपूरहून न्यू जर्सीला पोचते, पुसले की दिसेनासे होते; मग ते हवेचेच बनलेले असणार असे आपण धरून चालतो. डिजिटल प्रतिमा आणि टाकून दिलेली यंत्रे यांच्यापासून आज जी कला घडते आहे, ती सर्वात आधी हा समज मोडते. पडद्यावरचे चित्र आणि भंगारात पडलेला पडदा यांना आपण एकमेकांपासून दूर ठेवतो. ही कला त्यांना समोरासमोर आणते. तिची ओळख करून द्यावी, आणि ती नागपुरात बसून का समजून घ्यावी हे सांगावे, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

वजनाची गोष्ट अगदी शब्दशः घेता येते. १९५७ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र स्कॅन करून संगणकात उतरवले. चित्र होते १७६ गुणिले १७६ ठिपक्यांचे आणि तो संगणक होता खोलीभर. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याचे वजन सुमारे ३.६ किलो होते आणि दहा हजार ठिपक्यांचे एक कृष्णधवल चित्र कॅसेटवर नोंदवायला त्याला २३ सेकंद लागत. पुढे यंत्रे हलकी होत गेली, आणि वजन गेलेच असे आपल्याला वाटू लागले. खरे तर ते ठिकठिकाणी वाटले गेले. थोडे खाणीत राहिले, थोडे वीजकेंद्रात, थोडे सर्व्हरच्या गोदामात. उरलेले आपल्याच घरातल्या त्या खणात आहे, जिथे बंद पडलेले मोबाइल, चार्जरांचा गुंता आणि 'बघू कधीतरी' म्हणून ठेवलेला कॅमेरा पडून असतो.

संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला. त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. भारताचा आकडा सुमारे ४१ लाख टन, म्हणजे चीन आणि अमेरिकेच्या खालोखाल. आपण पाठवलेल्या प्रत्येक फोटोमागे या ढिगातला काही अंश आहे, आणि या कलेचे कच्चे सामान तिथूनच येते.

टाकाऊ वस्तूतून कला करण्याची रीत तशी शंभर वर्षांची आहे. मार्सेल द्युशाँने १९१७ मध्ये चिनी मातीचे मुतारीचे भांडे प्रदर्शनासाठी पाठवले. पिकासोने १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचे डोके केले. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैलाला चाके लावून मिरवणाऱ्या नागपूरकराला त्यात फारसे नवल वाटू नये. पण सायकलची सीट आणि संगणकाचा मदरबोर्ड यांत एक मोठा फरक आहे. सीट बघितली की ती कशासाठी आहे ते कळते. मदरबोर्ड आपले काम बाहेरून दिसू देत नाही. हिरव्या पट्टीवरच्या सोनेरी रेषा आणि काळे आयसी पाहून त्यातून कोणाचा पगार, कोणाचा निकाल, कोणाचे लग्नाचे फोटो गेले याचा पत्ता लागत नाही. शिवाय यंत्र बंद पडले तरी त्यातली हार्ड डिस्क किंवा मेमरी कार्ड पुष्कळदा वाचता येते. यंत्राच्या भंगारात माणसांच्या आठवणी अडकून राहतात, आणि कलावंताच्या हाती पत्र्याबरोबर त्याही येतात.

दुसरीकडे प्रतिमेचेही भंगार होते. जेपीईजी पद्धतीत चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून त्यांतले बारकावे गाळले जातात. सकाळी सकाळी येणारे 'गुड मॉर्निंग'चे गुलाबाचे फूल कोणी साठवते, त्याचा स्क्रीनशॉट काढते, त्यावर आपले नाव टाकून पुन्हा पाठवते, आणि दर फेरीत ते थोडे झिजते. शेवटी कडा फाटलेल्या, रंग चिकटलेल्या अशा अवस्थेत ते आपल्यापर्यंत येते. जर्मन छायाचित्रकार थॉमस रुफ यांनी इंटरनेटवरची अशीच हलक्या प्रतीची चित्रे भिंतीएवढी मोठी करून छापली. जवळ गेले की नुसते चौकोन, लांब गेले की दृश्य. कलावंत-लेखिका हितो श्टायर्ल यांनी २००९ मध्ये अशा गरीब प्रतिमांची बाजू घेणारा निबंध लिहिला आणि तो या क्षेत्रात आजही पायाभूत मानला जातो. त्यांचा मुद्दा आपल्या ओळखीचा आहे: झिजलेली प्रतिमा पुष्कळ हातांतून गेलेली असते, आणि तिचा दर्जा जितका उतरलेला, तितका तिचा प्रवास मोठा.

यंत्रांचे आणि प्रतिमांचे भंगार एकत्र आणणाऱ्यांत पहिले मोठे नाव कोरियात जन्मलेल्या नाम जून पाइक यांचे. १९७४ च्या 'टीव्ही बुद्ध'मध्ये बुद्धाची मूर्ती समोरच्या टीव्हीवर कॅमेऱ्याने टिपलेली स्वतःचीच प्रतिमा पाहत बसलेली आहे. १९८८ मध्ये त्यांनी दक्षिण कोरियाच्या राष्ट्रीय आधुनिक व समकालीन कला संग्रहालयासाठी १,००३ टीव्हींचा मनोरा उभारला. तो मनोरा पुढे या कलेची खरी अडचण सांगणारा ठरला. पिक्चर ट्यूब बनणे थांबले, संच एकेक करून मान टाकू लागले आणि २०१८ मध्ये तो बंद करावा लागला. मग ७३७ संच दुरुस्त करून किंवा जुने मिळवून, आणि उरलेल्या २६६ ठिकाणी सपाट पडदे बसवून, २०२२ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. तैलचित्र जपायला रंगांचा जाणकार लागतो, इथे डब्बा टीव्ही खोलता येणारा मिस्त्री लागला. सीताबर्डीच्या गल्ल्यांत डोळ्याला भिंग लावून मोबाइलचे बोर्ड सोल्डर करणाऱ्या कारागिरांकडे या नजरेने पाहिले, तर उद्याच्या संग्रहालयांना कोणाची गरज पडणार आहे ते लक्षात येते.

भारतात या वाटेची सुरुवात मुंबईत झाली, आणि तीही लवकर. चित्रकार अकबर पदमसी यांना मिळालेल्या नेहरू फेलोशिपच्या आधारावर १९६९ मध्ये तिथे व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप उभे राहिले. चित्रकार, छायाचित्रकार, चित्रपटवाले एका छताखाली आले, महागडी यंत्रे वाटून घेऊन वापरू लागले. पदमसींनी तिथे भूमितीच्या आकृत्यांवरून 'सिझिजी' हा अॅनिमेशनपट केला. त्यांचा दुसरा लघुपट, 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर', मात्र हरवला. त्याची एकच प्रत होती. २०१६ मध्ये चित्रपटकार आशिम अहलुवालिया यांनी पदमसींना सोबत घेऊन त्याचा मागोवा घेतला. प्रतिमेला शरीर असते आणि ते गमावता येते, याचा याहून साधा दाखला शोधायला नको.

त्याच कार्यशाळेत तरुणपणी काम केलेल्या नलिनी मलानी यांनी १९९८ मध्ये, पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर, 'रिमेंबरिंग टोबा टेक सिंग' हे व्हिडिओ-मांडणशिल्प केले. फाळणीत माणसांनी जे सामान नेले त्याची आठवण देणाऱ्या पत्र्याच्या ट्रंका त्यांनी उघड्या ठेवल्या आणि त्यांत टीव्हीचे मॉनिटर बसवले. प्रतिमा ट्रंकेत भरून वाहून न्यायची वस्तू झाली. दिल्लीत विवान सुंदरम यांनी 'ट्रॅश' या मालिकेसाठी कचरावेचकांच्या मदतीने स्टुडिओच्या जमिनीवर कचऱ्याचे आख्खे शहर रचले, उंचावरून त्याचे फोटो काढले आणि २००८ मध्ये त्यांची मोठी डिजिटल छापचित्रे मांडली. लांबून ती उपग्रहातून घेतलेल्या शहराच्या नकाशासारखी दिसतात; जवळून डबे, बुटांचे तळवे, टूथब्रश ओळखू येतात. नगररचनाकाराची नजर आणि कचरा निवडणाऱ्याची नजर त्यांनी एकाच चौकटीत बसवली.

मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिल्पकला शिकलेल्या शिल्पा गुप्ता यांनी २००३ मध्ये ब्रिटनच्या टेट संग्रहालयासाठी 'ब्लेस्ड बँडविड्थ' हे संकेतस्थळरूपी काम केले. नेटवर्कची केबल वेगवेगळ्या धर्मांच्या देवस्थानांत नेऊन तिच्यासाठी आशीर्वाद घ्यायचा आणि मग घरबसल्या भाविकांना तो त्या केबलमधून मिळू द्यायचा, अशी ती खट्याळ कल्पना. शायना आनंद आणि अशोक सुकुमारन यांच्या कॅम्प या स्टुडिओने 'फ्रॉम गल्फ टू गल्फ टू गल्फ' हा २०१३ चा चित्रपट प्रामुख्याने खलाशांनी मोबाइलवर घेतलेल्या चित्रफितींतून उभा केला. कच्छ आणि आखाताच्या दरम्यान गलबते नेणाऱ्या या माणसांनी त्या फिती ब्लूटूथने एकमेकांना दिल्या होत्या आणि त्यांना आपल्या आवडीची गाणी जोडली होती. २०२२ च्या 'बॉम्बे टिल्ट्स डाउन'मध्ये याच स्टुडिओने उंच इमारतीवरच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याला मुंबईकडे निरखून पाहायला लावले. पाळत ठेवण्याचे यंत्र त्यांनी गोष्ट सांगायला वापरले.

आणि कौशिक मुखोपाध्याय. कोलकात्यात जन्मलेले आणि मुंबईत वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना शिकवलेले हे कलावंत घरातल्या बंद पडलेल्या उपकरणांपासून हलणारी, थरथरणारी, कुरकुरणारी यंत्रे करतात. २०१७ मधल्या 'स्क्वीझ लाइम इन युअर आय' या त्यांच्या प्रदर्शनात ती मोठ्या संख्येने होती. ती कशाचेही काम करत नाहीत. पाहणाऱ्याला आधी हसू येते, मग आपल्याच माळ्यावरचे सामान आठवते. उपयोग संपला की वस्तू संपली, हा आपला हिशेब ती यंत्रे उधळून लावतात.

आता नागपूर. या शहराचा विषयाशी संबंध जमिनीखालून सुरू होतो. मँगनीजच्या खाणी चालवणाऱ्या मॉइल कंपनीचे मुख्यालय इथे आहे. तिच्या खाणी नागपूर, भंडारा आणि बालाघाट या पट्ट्यात पसरल्या आहेत. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्ग इथे निघणारे मँगनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटऱ्यांसाठी वापरतात, आणि त्यासाठीचा इलेक्ट्रोलिटिक मँगनीज डायऑक्साइडचा कारखानाही कंपनीने तिथेच घातला आहे. रिमोटमधला, भिंतीवरच्या घड्याळातला, खेळण्यातला सेल असा आपल्या मातीतून निघतो आणि वर्षभरात कचराकुंडीवाटे मातीत परततो. वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालयही नागपुरातच. कोराडी, खापरखेडा आणि चंद्रपूरची वीजकेंद्रे कोळशावर चालतात, आणि राज्यातले मोबाइल रात्री ज्या विजेवर चार्ज होतात तिच्यात त्यांचा वाटा आहे. ज्या प्रतिमेला आपण हवेची समजतो, तिच्यासाठी विदर्भात जमीन खणली जाते आणि राख साठते.

शहराचा दुसरा धागा खुद्द प्रतिमेचा. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र १९८८ पासून नागपुरात आहे. राज्यातली पिके, जंगले, तलाव, पडीक जमिनी यांचे उपग्रहचित्रांवरून नकाशे करणे हे त्याचे काम. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थाही इथलीच. राज्याच्या वनखात्याचे मुख्यालय इथे आणि पेंच, ताडोबा हाकेच्या अंतरावर. २०१८-१९ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. त्यांनी टिपलेली वन्यजीवांची छायाचित्रे ३ कोटी ४८ लाखांवर गेली. त्यांतली ७६,६५१ वाघांची. हे फोटो घेताना कॅमेऱ्यामागे माणूस नव्हता, आणि त्यांतले बहुतेक पुढेही माणसाने निवांत बसून पाहिले नाहीत. पट्ट्यांची जुळणी संगणकाने केली. जर्मन चित्रपटकार हारून फारोकी यांनी २००० नंतरच्या 'आय/मशीन' या मालिकेत अशाच, यंत्राने यंत्रासाठी काढलेल्या प्रतिमांचा अभ्यास केला. त्यांच्यापुढे क्षेपणास्त्रांचे आणि कारखान्यांचे कॅमेरे होते. आपल्यापुढे झाडाला बांधलेला कॅमेरा आहे, त्याच्यासमोरून जाणारी रानडुकरे, गुराखी, सरपण आणणाऱ्या बाया आणि मधूनच वाघ आहे. इतकी मोठी चित्रसंपदा दुसऱ्या कुठल्या शहराच्या कलावंतांना हेवा वाटावा अशी आहे.

या भूगोलातून जागतिक दर्जाची कला निघू शकते हे आता सिद्ध करायची गरज उरलेली नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती या कोळसाखाणीच्या गावी १९८६ मध्ये जन्मलेले प्रभाकर पाचपुते खैरागड आणि बडोद्याला शिकले. ज्यांच्या घरच्यांनी खाणीत काम केले त्या या कलावंताने कोळशानेच भिंतीभर चित्रे काढली आणि स्टॉप-मोशन पद्धतीने ती हलवली. डोक्याच्या जागी दिवा, विजेरी किंवा यंत्राचा भाग घेऊन चालणारी त्यांची माणसे खाणीतून बाहेर येतात, पण पूर्ण माणूस होऊन येत नाहीत. २०२१ मध्ये ब्रिटनमधला आर्टेस मुंडी पुरस्कार त्या वर्षीच्या सहाही कलावंतांत वाटून देण्यात आला; पाचपुते त्यांतले एक. त्यांनी जे कोळशाचे केले, ते तांब्याच्या तारेचे, मँगनीजचे, फुटलेल्या पडद्यांचे कोणीतरी करायचे बाकी आहे.

मग तिसरा धागा, आणि माझ्या मते सर्वात मोलाचा: मारबत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालच्या रस्त्यांवरून काळी आणि पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळीची परंपरा १८८१ पासूनची आणि पिवळीची १८८५ पासूनची सांगतात. त्यांच्या मागे-पुढे वस्त्यावस्त्यांतल्या पोरांनी केलेले बडगे असतात. बांबू, रद्दी, पोती, चिंध्या, जे हाती येईल त्यातून केलेले. त्या वर्षी लोकांना ज्याचा जाच झाला ते बडग्याच्या रूपात येते: महागाई, भ्रष्टाचार, दहशतवाद, एखादा पुढारी. लोक त्याला शिव्या घालतात, हसतात, आणि इडा-पीडा, रोगराई घेऊन जाण्याचे मारबतीला साकडे घालतात. मिरवणूक संपली की वस्तीबाहेर नेऊन सारे जाळून टाकतात.

कलेच्या भाषेत बोलायचे तर हे टाकाऊ सामानातून केलेले, राजकीय भाष्य करणारे, दरवर्षी नव्याने घडवून दरवर्षी नष्ट केले जाणारे सार्वजनिक मांडणशिल्प आहे. ते करायला कोणी कलाशाळेत गेले नाही आणि ते पाहायला कोणाला तिकीट लागले नाही. परदेशी कलावंतांची नावे पाठ करून या विषयाकडे येणाऱ्या विद्यार्थ्याने आधी इतवारीत उभे राहून बडगे पाहावेत, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. वर्षभराचे नकोसे गोळा करायचे, त्याला चेहरा द्यायचा, सगळ्यांनी मिळून तो चेहरा पाहायचा आणि मग त्याला निरोप द्यायचा, हे या शहराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

फरक पडतो तो शेवटच्या पायरीवर. कागद आणि बांबू जळून राख होते. मोबाइल जळत नाही. तारांवरचे प्लास्टिक तांब्यासाठी उघड्यावर जाळले की डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये हवेत जातात. बोर्डावरचे सोने काढायला आम्ल वापरले की ते नाल्यात उतरते. पिक्चर ट्यूबच्या काचेतले शिसे तर कुठेच जात नाही. फेरीवाल्याकडून कबाड्याकडे, कबाड्याकडून ठोक व्यापाऱ्याकडे, आणि तिथून मोरादाबाद किंवा दिल्लीच्या सीलमपूरसारख्या ठिकाणी जाणारी जी साखळी आहे, तिच्या शेवटच्या टोकाला ही इडा-पीडा कोणाच्या तरी फुप्फुसात मुक्कामाला राहते. निरोप देता येत नाही अशा गोष्टीचे काय करायचे, हा आपल्या काळाचा प्रश्न आहे. टाकाऊ तंत्रवस्तूंची कला म्हणजे माझ्या लेखी जाळता न येणारी मारबत. तिला मिरवायचे, तिचा चेहरा ओळखायचा, आणि मिरवणूक संपल्यावरही तिच्यासोबत राहायचे.

इथे एक स्पष्टीकरण आवश्यक आहे. ही कला ई-कचऱ्यावरचा इलाज नव्हे. टोकियो ऑलिम्पिकच्या पदकांसाठी जपानमध्ये ६२ लाखांहून अधिक जुने मोबाइल आणि हजारो टन लहान उपकरणे गोळा झाली, आणि त्यांतून निघालेले सोने भरले ३२ किलो. एवढ्या मोठ्या मोहिमेपुढे एखाद्या शिल्पात बसलेले दोनशे कीबोर्ड कुठे लागतात? कचरा कमी करण्याची जबाबदारी ज्यांची आहे त्यांच्यावर ती कायद्याने टाकलेली आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या ई-कचरा नियमांत उत्पादकांना पुनर्प्रक्रियेचे उद्दिष्टच ठरवून दिले आहे. कंपनीच्या दारात मदरबोर्डाचा मोर उभा केला म्हणून ते उद्दिष्ट पूर्ण होत नाही.

अशा मोरांबद्दल थोडे परखड बोलायला हवे. 'टाकाऊतून टिकाऊ' ही आपल्या शाळांची आवडती स्पर्धा आहे आणि मुलांसाठी ती छानच आहे. पण चौकाचौकांत भंगाराचे सिंह, मोर आणि गिटार उभे राहू लागतात तेव्हा त्यांतली बहुतेक कामे पदार्थाचा फक्त रंग आणि आकार वापरतात. सीडीच्या जागी आरसे लावले असते तरी मोर तोच राहिला असता. चांगल्या कामात हे शक्य नसते. मलानींच्या ट्रंका काढून तिथे लाकडी खोकी ठेवा, ते काम कोसळते. खलाशांच्या मोबाइलऐवजी महागडा कॅमेरा वापरा, कॅम्पचा चित्रपट माहितीपट होऊन बसतो. पदार्थ बदलला तरी काम तसेच राहिले, तर ती सजावट. पदार्थाबरोबर अर्थही बदलला, तर ती कला. ही कसोटी वाचकाने खुशाल वापरावी, आणि या पुस्तकातल्या उदाहरणांनाही लावून बघावी.

आणखी काही प्रश्न मनाशी ठेवावेत. हे सामान आले कुठून, आणि ते उघडून वेगळे कोणी केले? कबाड्याला कोणत्या बोर्डात किती माल आहे ते वजनावरून कळते. त्या ज्ञानाचा कलावंताने मोबदला दिला का, निदान नाव घेतले का? जुन्या हार्ड डिस्कमधून निघालेले फोटो ज्यांचे आहेत त्यांना ते माहीत आहे का? दुसऱ्याच्या घरातले बारशाचे फोटो 'सापडलेली प्रतिमा' म्हणून भिंतीवर लावणे मला चोरीहून फार वेगळे वाटत नाही, मग त्याला समीक्षेतले कितीही भारदस्त नाव मिळालेले असो. काम चालू असेल तर ते बंद पडल्यावर कोण सुरू करणार? आणि शेवटी त्याचे सुटे भाग कुठे जाणार?

काम करू इच्छिणाऱ्या तरुणांना व्यवहारातल्या दोन सूचना. पिक्चर ट्यूबमध्ये निर्वात पोकळी असते आणि संच बंद केल्यावरही आत विजेचा दाब शिल्लक राहू शकतो. ती जाणकाराशिवाय खोलू नये. फुगलेली लिथियम बॅटरी कधीही टोचू, कापू किंवा चिकटवू नये. ती पेट घेते. भंगाराला सौंदर्य असते, पण आधी त्याला धार आणि विष असते.

नागपूरकडे या कलेसाठी लागणारे जवळपास सगळे आहे. शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे, रमण विज्ञान केंद्र आहे, पर्यावरणाचा अभ्यास करणारी नीरी १९५८ पासून आहे, आणि १८६३ मध्ये सुरू झालेले, सारे शहर ज्याला अजब बंगला म्हणते ते मध्यवर्ती संग्रहालय आहे. कमी आहे ती या संस्थांनी एकमेकांचे दार ठोठावण्याची. चित्रकलेच्या विद्यार्थ्याने नीरीच्या शास्त्रज्ञाला शिशाबद्दल विचारावे, सुदूर संवेदनवाल्यांनी आपली जुनी, निकालात निघालेली उपग्रहचित्रे कलावंतांना पाहू द्यावीत, सीताबर्डीच्या एखाद्या मिस्त्रीने महाविद्यालयात येऊन आठवडाभर सोल्डरिंग शिकवावे आणि त्याचे त्याला रीतसर मानधन मिळावे. अजब बंगल्यात शिलालेख आणि नाणी आहेत. तिथे एक पेजर, एक डब्बा टीव्ही, एसटीडी बूथचे एक मीटर आणि दरवर्षी जाळण्यापूर्वी काढलेली मारबतीची नीट छायाचित्रेही असायला हवीत. या वस्तू आज किलोच्या भावाने मिळतात. वीस वर्षांनी त्या कोणत्याही भावाने मिळणार नाहीत.

वाचकाला एकच विनंती. पुढची पाने वाचून झाल्यावर घरातला तो खण उघडावा. ज्यातले फोटो हवेत ते काढून घ्यावेत, उरलेले पुसावेत, जे चालते ते कोणाला तरी वापरायला द्यावे आणि बाकीचे परवाना असलेल्या संकलन केंद्रावर नेऊन पावती घ्यावी. एखादी वस्तू द्यायला जीव होत नसेल तर ती ठेवावी आणि ती का ठेवली ते कागदावर लिहून तिला चिकटवावे. अशा चिठ्ठ्या लावलेल्या शंभर वस्तू जमल्या तर या शहरातले या विषयावरचे पहिले चांगले प्रदर्शन त्यातूनच उभे राहील.